रिपोर्ट नॉर्मल, पण ब्लाउज टोचतोय

आमच्या लालबागला मार्च ते मे खोकणाऱ्या बाईकडे कोणी वळूनही बघत नाही. मसाल्याच्या बाजारात डंक दिवसभर धडधडत असतात, मिरचीची खाट दुसऱ्या मजल्यापर्यंत चढते आणि मी खिडकीला मशीन लावून बसलेली. चौतीस वर्षं ब्लाउज शिवतेय, उजेड तिथेच बरा पडतो. त्यामुळे माझा खोकला एप्रिलभर मिरचीच्या खात्यावर जमा होत गेला. मेमध्ये लोकांचे वर्षाचे मसाले कुटून झाले, जूनमध्ये पाऊस आला, खाट बसली. खोकला काही बसला नाही. ओळखीच्या एका डॉक्टरांनी थुंकीत काही सापडलेलं नसताना टीबीच्या गोळ्या सुरू करूया म्हटलं. मुलगा अडून बसला म्हणून आधी सीटी स्कॅन केला. उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात २.६ सेंटिमीटरची गाठ.

पुढचं भराभर सांगते. सुई घालून बायोप्सी, पेट स्कॅन, नळीत फुंकर मारायची टेस्ट, सहा मिनिटं चालायची टेस्ट. अ‍ॅडेनोकार्सिनोमा, म्हणजे फुप्फुसाचा कॅन्सर. आयुष्यात विडीला हात लावला नाही, हे मी डॉक्टरांना तीन वेळा तरी सांगितलं असेल. ते म्हणाले, हा प्रकार सिगारेट न ओढणाऱ्या बायकांनाही होतो, तुम्ही काही केलं म्हणून झाला असं नाही. उजव्या फुप्फुसाला तीन कप्पे असतात, डाव्याला दोन. माझा उजवा वरचा कप्पा काढायचा ठरला, जुलैच्या शेवटच्या आठवड्यात.

मला लिहायचंय ते त्यानंतरच्या दुखण्याबद्दल, आणि त्या दुखण्यापायी दिलेल्या रक्ताबद्दल.

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी वॉर्डात एक मुलगी आली. गळ्यात कार्ड, हातात फाइल, बोलण्यात साताऱ्याकडचा हेल. "काकू, थोडा वेळ आहे का?" उद्या छाती उघडणार असलेल्या बाईला वेळच वेळ असतो. म्हटलं, बस.

त्यांचा एक अभ्यास चालू होता. फुप्फुसाचं ऑपरेशन झाल्यावर काहींचं दुखणं महिन्या-दीड महिन्यात जातं, काहींचं वर्षानुवर्षं राहतं. कोणाचं राहणार हे रक्तावरून आधी ओळखता येईल का, हे त्यांना बघायचं होतं. त्यासाठी ऑपरेशनच्या आधी, दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी आणि मग एक, तीन, सहा महिन्यांनी माझं रक्त हवं होतं. दर वेळी दोन ट्यूब, एक जांभळ्या टोपणाची, एक पिवळ्या. शिवाय फॉर्म भरायचे: झोप कशी लागते, भीती किती वाटते, दुखण्याचा विचार डोक्यातून जातो का.

संमतीचे कागद मराठीत होते, आठ पानं. सोसायटीच्या रिडेव्हलपमेंटचे कागद मी न वाचता सही करून दिले होते, हे मात्र सगळं वाचलं. कधीही बाहेर पडता येईल, त्यामुळे उपचारात फरक पडणार नाही. ट्यूबवर नाव नाही, नंबर. रक्तातलं पाणी वेगळं करून उणे ऐंशी डिग्रीच्या फ्रीजरमध्ये ठेवणार आणि सगळ्या पेशंटांचं जमलं की एकदम तपासणार. माझा स्वतःचा आकडा मला कळणार नाही. हे जरा खटकलं. माप घेऊन कपडा न दाखवण्यासारखं झालं की.

"म्हणजे दुखणं रक्तात दिसतं?" मी विचारलं.

"दिसत नाही हो काकू. दिसतं का तेच बघतोय."

मग तिने फाइलच्या मागच्या पानावर चित्र काढून दाखवलं. कापलेल्या जागच्या पेशी इंटरल्यूकिन-सिक्स नावाचा पदार्थ सोडतात, तो काही तासांतच रक्तात वाढतो. लिव्हरला तो निरोप पोचला की लिव्हर सीआरपी, म्हणजे सी-रिअॅक्टिव्ह प्रोटीन, बनवायला घेतं. सीआरपी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात वर जातो आणि मग उतरतो. हा सीआरपी १९३० साली सापडला, न्यूमोनियाच्या पेशंटांच्या रक्तात. न्यूमोनियाच्या जंतूच्या 'सी' नावाच्या भागाला तो चिकटत होता म्हणून नावात तो 'सी'. इंटरल्यूकिनसारखे पदार्थ नसांच्या टोकांनाही चिडवतात, म्हणून त्या पदार्थांवर या अभ्यासवाल्यांचा डोळा. मुलगी हुशार. मला एकदम मुद्द्यातलं कळलं.

मग तिने तो प्रश्न विचारला, जो पुढे सहा महिने माझ्या मागे लागला होता. शून्य म्हणजे काही नाही, दहा म्हणजे तुम्ही कल्पना करू शकाल तेवढं. आत्ता दुखणं दहापैकी किती? म्हटलं, शून्य. ऑपरेशनची भीती किती? म्हटलं, अजिबात नाही. मुलगा शेजारीच बसला होता.

ऑपरेशन दुर्बिणीने होणार होतं, बगलेखाली लहान भोकं पाडून. आत गेल्यावर फुप्फुस छातीच्या आतल्या आवरणाला चिकटलेलं निघालं. लहानपणी कधी छातीत पाणी झालं असेल, आईला माहीत असतं, पण ती आता सांगायला नाही. मग त्यांना उघडावंच लागलं. खांद्याच्या फऱ्याखालून सुरू होऊन बगलेखालून पुढे स्तनाखाली येणारी चीर. घरी आल्यावर आरशासमोर टेप लावून मोजली, सव्वाआठ इंच. टाके मात्र सुरेख, सरळ रेषेत. कोणी घातले ते विचारायला हवं होतं.

पाठीच्या कण्याशी बारीक नळी, त्यातून पंपाने औषध. बगलेतून एक जाड नळी, ती खाली पाण्याच्या बाटलीत. खोकलं की बाटलीत बुडबुडे. फिजिओथेरपीवाली सकाळ-संध्याकाळ यायची. तीन चेंडूंचं ते खेळणं ओढायला लावायची, उशी कुशीला घट्ट दाबून खोकायला लावायची. दुखतं म्हणून खोकलं नाही तर कफ साठतो, कफ साठला की न्यूमोनिया. म्हणजे दुखणं थांबवायचं ते लाड म्हणून नाही, खोकता यावं म्हणून.

दर चार-सहा तासांनी सिस्टर विचारायच्या, दहापैकी किती? मी म्हणायचे, तीन. हे तीन कुठून आले ते सांगते. माझं दहा म्हणजे मुलाच्या वेळचे अठरा तास. त्या मापाने बाकी सगळं तीन. शिवाय शेजारच्या खाटेवरची बाई रात्रभर विव्हळत होती, सिस्टर एकटी होती, तिला आणखी कामाला कुठे लावा. आमच्या घरात बायकांनी असंच मोजलंय. सासूबाई पाय मोडल्यावरही 'जरा ठणकतंय' म्हणाल्या होत्या.

अभ्यासाच्या मुलीने मात्र दोन आकडे मागितले, पडल्यापडल्या किती आणि खोकताना किती. पडल्यापडल्या तीन. खोकताना? मी खोकून बघितलं आणि डोळ्यांत पाणी आलं. आठ. तिने दोन्ही लिहिले, आणि सिस्टरलाही जाऊन सांगितलं. त्या संध्याकाळी पंपाचं औषध वाढलं. दोन दिवस मला कोणी खोकतानाचं विचारलंच नव्हतं, आणि न विचारता सांगायची मला सवय नाही.

त्याच रात्री पाठीतली नळी सरकली. चिकटपट्टी घामाने सुटली होती. तीनच्या सुमाराला कुशीत सुरी फिरतेय असं वाटायला लागलं, चादर ओली, औषध पाठीत न जाता गादीत जातंय. भूलतज्ज्ञ दुसऱ्या ऑपरेशनमध्ये अडकले होते, यायला दोन तास लागले. तोवर सिस्टरने शिरेतून एक इंजेक्शन दिलं, वॉर्डातल्या मावशी हात धरून बसल्या. त्या दोन तासांत कोणी विचारलं असतं तर मी नऊ सांगितलं असतं. पण त्या दोन तासांतच कोणी विचारलं नाही. सकाळी सातला तिसऱ्या दिवसाचं रक्त घेतलं, आठला मुलगी फॉर्म घेऊन आली तेव्हा नवी नळी बसली होती, औषध चढलं होतं. मी सांगितलं, तीन.

त्याच सकाळच्या हॉस्पिटलच्या रिपोर्टात सीआरपी १४२. इन्फेक्शनवर लक्ष ठेवायला तो त्यांचा ते तपासतातच. पाचच्या आत असावा लागतो. मुलगा घाबरला. डॉक्टर म्हणाले, एवढं मोठं ऑपरेशन झाल्यावर तो चढणारच, उतरतोय की नाही ते बघायचं. दोन दिवसांनी ६८. नळी निघाली, "श्वास रोखून धरा" म्हणाले आणि सर्रकन ओढली. आठव्या दिवशी घरी. गाठ पूर्ण निघाली होती, आजूबाजूच्या ग्रंथी स्वच्छ होत्या, केमो लागणार नव्हती. आमच्याकडे पेढे वाटले.

महिन्याने तपासणीला गेले. सीआरपी ३. मुलाने रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅपवर सगळ्या नातेवाइकांना पाठवला. "आई, रक्त एकदम नॉर्मल आहे. आता तू बरी झालीस."

आणि माझा ब्लाउज टोचत होता.

कसं सांगू? चीर भरली होती, लालीही नव्हती. पण तिच्या खालच्या बोटभर पट्ट्यात हात लावला तर बधिर, जणू दुसऱ्याची कातडी. आणि त्याच बधिर जागेवर पदराचं टोक घासलं की चटका. दाबलं तर तेवढं नाही, नुसतं हलकं लागलं की जास्त. मध्येच काही कारण नसताना पाठीपासून पुढे एक झिणझिणी सर्रकन यायची, मशीनच्या मोटरचा शॉक बसतो तशी. गणपती आले. आमच्याकडे गणपती म्हणजे काय ते लालबागच्या माणसाला सांगायला नको. ढोलाचा प्रत्येक ठोका खिडकीच्या काचेआधी माझ्या बरगडीत वाजत होता. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा मी विसर्जनाच्या दिवशी दारं-खिडक्या लावून आतल्या खोलीत बसले. सून म्हणाली, "आई, दमलात का?" म्हटलं, हो.

दुखतंय म्हणाले नाही. म्हणणार कसं? कागदावर ३ लिहिलेला. मला मनातून वाटायला लागलं होतं की मीच काहीतरी काढतेय. महिन्याचं अभ्यासाचं रक्त देताना मुलीने विचारलं, दहापैकी किती? म्हटलं, दोन. नॉर्मल रिपोर्टला शोभेल असा आकडा दिला.

दुकान पुन्हा सुरू केलं, कारण दिवाळी. पण मी स्वतःच्या अंगात काही घालू शकत नव्हते. ब्लाउजची बाजूची शिवण बरोबर चिरेवर बसते, आणि बगलेखालची पट्टी तर नकोच. आधी मुलाचा जुना बनियन घातला. मग एका रात्री बसून स्वतःसाठी एक ब्लाउज बेतला. मऊ मलमल, तीन धुण्यांची. उजवी बाजूची शिवण दोन इंच पुढे सरकवली, चिरेपासून लांब. अस्तर नाही. आणि शिवण उलटी, म्हणजे दाबाची बाजू बाहेर, आत सपाट. बाहेरून बघणाऱ्याला वाटेल की बाईने उलटा ब्लाउज घातलाय. वाटू दे. समोरून हूक, कारण उजवा हात मागे जात नव्हता. पहिल्यांदा अडीच तास दुखण्याचा विचार न करता बसले.

तीन महिन्यांची भेट ऑक्टोबरच्या शेवटी. या वेळी फॉर्म वेगळा होता. जळजळतं का? गार दुखरं वाटतं का? शॉक बसल्यासारखं? मुंग्या? सुया टोचल्यासारखं? बधिर? खाज? सात प्रश्न. मी वाचत गेले आणि मला कसंतरीच झालं. कोणीतरी माझी कूस आधीच बघून लिहिल्यासारखं. मग तिने ब्रशने चिरेखाली हलकं फिरवलं, आणि मी खुर्चीतून उठले. दहापैकी सहा गुण झाले. चार किंवा त्याहून जास्त झाले की नसेचं दुखणं असण्याची शक्यता जास्त, असं ती म्हणाली, आणि मला पेन क्लिनिकची चिठ्ठी आणून दिली. असं क्लिनिक असतं हेच मला माहीत नव्हतं. आमच्या मजल्यावर कोणालाच माहीत नव्हतं.

तिथल्या मॅडमनी आधी नवा स्कॅन बघितला. कॅन्सरचं ऑपरेशन झालेल्याचं दुखणं रेंगाळलं किंवा वाढलं, की आत परत काही नाही ना याची खात्री आधी करतात. तसं काही नव्हतं. मग बरगडीचं चित्र दाखवलं. प्रत्येक बरगडीच्या खालच्या कडेला आतून एक खाच असते, त्या खाचेतून शीर, धमनी आणि नस बरोबरीने जातात. छाती उघडताना दोन बरगड्या यंत्राने फाकवून ठेवाव्या लागतात, तेव्हा ती नस दबते किंवा ताणली जाते. मला लगेच कळलं. पायपिंगची दोरी दुमडीत सरकवलेली असते, आणि मशीनचा पाय एखाद्या ठिकाणी दोरीवरच चढतो. कापड वरून ठीक दिसतं. दोरी आत चेंगरलेली असते.

"मग रिपोर्ट नॉर्मल कसा?" मी विचारलं. किती दिवस अडकलेला प्रश्न होता तो.

त्या म्हणाल्या, "सीआरपी जखमेबद्दल आणि इन्फेक्शनबद्दल सांगतो. ती जखम भरली, म्हणून तो उतरला. नस दुखावलेली आहे की नाही हे त्याला कळत नाही. दुखणं मोजायची रक्ताची टेस्ट अजून कोणाकडे नाही." मग म्हणाल्या, छाती उघडून केलेल्या ऑपरेशननंतर सहा महिन्यांनी जवळपास निम्म्या लोकांना काही ना काही दुखत असतं. तीन महिन्यांच्या वर टिकलं तर तो वेगळा आजार धरतात, जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या यादीत त्याला स्वतंत्र जागा आहे. मी मुलाला आत बोलावलं आणि मॅडमना म्हटलं, हे सगळं याला परत एकदा सांगा. तो ऐकत होता, कान लाल झाले होते.

रात्री प्रीगाबालिन, म्हणजे नसेच्या दुखण्याची गोळी, सुरू केली. पहिल्या आठवड्यात मी एका गिऱ्हाइकाच्या पैठणीच्या ब्लाउजला दोन्ही डाव्या बाह्या लावल्या. चौतीस वर्षांत असं झालं नव्हतं. डोकं कापसात ठेवल्यासारखं. मॅडमनी डोस कमी केला, मग हळूहळू वाढवला, आणि लिग्नोकेन या बधिर करणाऱ्या औषधाचे, कातडीवर चिकटवायचे पॅच दिले. ते बारा तास लावायचे, बारा तास काढून ठेवायचे, फक्त सुक्या-भरलेल्या कातडीवर. स्वस्त नाहीत. पण कापून लावले तर चालतं म्हणाल्या, मागचा कागद काढायच्या आधी कापायचे. हे माझं काम. चिरेचा कागदी साचा काढला, मुंढ्याचा काढतात तसा, आणि एका पॅचमधून दोन पट्ट्या बसवल्या. मॅडमनी फोटो काढून घेतला.

दुखणं गेलं नाही. झिणझिणी महिन्याभरात कमी झाली, चटका उरला, पण पदर सहन होतो. उजव्या कुशीवर अजून झोपत नाही.

सहा महिन्यांचं रक्त जानेवारीत दिलं. जांभळी ट्यूब, पिवळी ट्यूब, शेवटची. फॉर्मवर दहापैकी तीन, आणि या वेळी ते खरे तीन होते. ते लिहिताना माझ्या मनात आलं ते मी मुलीला सांगून टाकलं.

"अगं, पहिल्या फॉर्मवर भीती नाही लिहिलं ते खोटं होतं. मला रात्रभर झोप नव्हती. वॉर्डातले तीन पण खोटे. त्या रात्री नऊ होते. आणि महिन्याचे दोन म्हणजे सहा."

ती पेन धरून बसली. फ्रीजरमधल्या ट्यूबमध्ये त्या रात्रीनंतरचं रक्त आहे, त्यात जे काय असेल ते असेल, आणि तिच्या तक्त्यात त्याच्यासमोर तीन लिहिलंय. उद्या कोणी ते दोन आकडे शेजारी ठेवून बघेल आणि म्हणेल, जुळत नाहीत. रक्ताने काही लपवलेलं नाही. माप मी चुकीचं दिलं.

"जुना आकडा खोडता येत नाही काकू," ती म्हणाली. "पण आज असं सांगितलं अशी नोंद करता येते. किती जण असं करत असतील?"

"बायका? सगळ्या," मी म्हटलं.

फॉर्मच्या शेवटी एक चौकोन असतो, 'इतर माहिती'. आधीच्या पाचही वेळा मी तो कोरा सोडला होता. त्या दिवशी तिच्या हातातून पेन घेतलं आणि त्यात ब्लाउजची उजवी बाजू काढली: शिवण दोन इंच पुढे, दाबाची बाजू बाहेर, अस्तर नाही, हूक समोर. खाली लिहिलं, मलमल तीनदा धुऊन घ्यावी.

ती बराच वेळ बघत राहिली. "हे मी कॉम्प्युटरमध्ये कुठे भरू?"

म्हटलं, ते तुझं तू बघ. आणि तुझ्या वॉर्डात कोणी बाई असेल तर माप पाठव.

मार्चपर्यंत चार मापं आली.